सल्ला सदर: स्वप्नातली लेव्हल ठेवू की उडवू?

पत्र:

ताई,

मी आणि माझा मावसभाऊ मिळून शनिवार-रविवार एक फँटसी आरपीजी (एखादं पात्र होऊन गोष्टीतून खेळत जायचा गेम) बनवतोय, आरपीजी मेकर नावाच्या सॉफ्टवेअरमधे. सहा चॅप्टर आहेत. नायिका, एक नावाडी, एक वैदू आणि एक म्हातारा शिलेदार अशी चौघांची टोळी आहे. चौथ्या चॅप्टरमधे हे चौघं एका बारवेचं पाणी पितात आणि झोपी जातात, मग पुढचा सगळा चॅप्टर नायिकेच्या स्वप्नात. तिथे तिच्याकडे शस्त्र नाही, सोबतीला कोणी नाही, अकरा खोल्या आहेत, प्रत्येक खोलीत कोडं. खेळायला साधारण दीड तास लागतो. मी चार महिने त्यावर घालवलेत, टाइल्स (जमीन-भिंतींची छोटी छोटी चित्रं) हाताने काढल्यात. आणि आता भाऊ म्हणतो अख्खा चॅप्टर काढून टाक, स्वप्नातली लेव्हल आली की लोक गेम बंद करतात, फँटसी गेममधे आधीच सगळं खोटं असतं, त्यात अजून स्वप्न कशाला. यावरून आमचं वाजलं, आता तो फक्त बग्जची लिस्ट पाठवतो, बाकी बोलत नाही. मला सांग, स्वप्नातली लेव्हल आरपीजीत असावी की नसावी? आणि ठेवली तर दुसऱ्यांदा खेळणाऱ्याला स्किप, म्हणजे ती गाळून पुढे जायची सोय, द्यायचा का? भाऊ म्हणतो स्किप द्यावासा वाटतोय यातच सगळं आलं.

— झोप उडालेली, पिंपरी

उत्तर:

अगं, आधी तुझ्या भावाची बाजू घेते, मग तुझी, आणि शेवटी दोघांनाही थोडं थोडं ऐकावं लागेल, चालेल ना?

भाऊ जे म्हणतोय ते त्याच्या मनचं नाहीये. आरपीजी खेळणाऱ्या कोणालाही स्वप्नातल्या लेव्हलचा विषय काढून बघ, तो कपाळाला हात लावून एकच नाव घेतो, फेड. ड्रॅगन एज: ओरिजिन्स, 2009 चा, कॅनडातल्या बायोवेअरचा गेम. त्यात जादूगारांचा मनोरा आहे, सर्कल टॉवर, राक्षस घुसलेत, तू तुझी टोळी घेऊन एकेक मजला वर चढतेयस, ऐन रंगात आलेलं असतं, आणि मधेच आळसाचा राक्षस भेटतो आणि सगळ्यांना झोपवतो. जाग येते ती फेडमधे, म्हणजे त्या जगातली माणसं झोपेत जिथे जातात ती जागा. (बुटक्यांना, म्हणजे ड्वार्फ लोकांना, तिथे स्वप्नंच पडत नाहीत असं गेम स्वतःच सांगतो, तरी तू ड्वार्फ घेऊन खेळलीस तरी तुला फेडमधे टाकतातच, असो.)

तर फेडमधे काय? सोबती गायब. सगळं पिवळट, धुरकट, डोळे चोळावेसे वाटतील असं. बेटं बेटं आहेत आणि पुढे जायचं तर रूपं बदलायची, उंदीर होऊन बिळातून जायचं, जळता माणूस होऊन आगीतून, गोलेम, म्हणजे चालता दगडी पुतळा, होऊन जाड दारं फोडायची, आत्मा होऊन एरवी न दिसणारी दारं उघडायची. एका बेटावर अडलीस की दुसऱ्या बेटावर जा, तिथे नवं रूप मिळव, परत पहिल्यावर ये, मग कळतं की अजून एक बीळ राहिलंय. पहिल्यांदा खेळणाऱ्याचे यात सहज दोनेक तास जातात. बरं, पळ काढावा तर तेही नाही, कारण कोपऱ्याकोपऱ्यात ताकद, चपळाई वगैरे कायमची वाढवणाऱ्या गोष्टी ठेवल्यात, त्या सोडून जायला जीव धजत नाही. जेवायला बोलावलं, ताटावर बसवलं, दोन घास झाल्यावर उठवून भांडी घासायला लावली आणि म्हणाले घास, ताट इथेच आहे, असं वाटतं ते. शेवटी लोकांनीच मॉड (म्हणजे खेळणाऱ्यांनीच गेममधे केलेला बदल) काढला, स्किप द फेड नावाचा, तो अख्खा भाग टाळतो आणि तिथे मिळणारी सगळी वाढही तुझ्या पदरात टाकतो. ड्रॅगन एजच्या मॉड्समधे हा भलताच चालला. आता बघ, गेम लोकांना इतका आवडलेला, त्यावर जीव टाकणारी माणसं, आणि तीच माणसं त्यातला एक भाग कापून टाकायला मॉड शोधतायत.

हे झालं भावाचं. आणि तुझ्या अकरा खोल्या, शस्त्र नाही, सोबती नाही, दीड तास… अगं बाई, तू तेच केलंयस ना.

पण राग कशाचा आलाय ते नीट बघायला हवं, तिथे तुझा भाऊ घाई करतो. स्वप्न आहे म्हणून राग नाहीये. आरपीजी खेळणारा माणूस तीस-चाळीस तास काय करतो, तर जमवतो. तलवार जमवतो, सोबती जमवतो, त्यांच्याशी सूत जमवतो, कोणाला मारलं कोणाला सोडलं याचा हिशोब जमवतो, आणि हे सगळं पुढे कुठेतरी कामाला येणार या भरवशावर खेळत राहतो. स्वप्न येऊन म्हणतं ते सगळं बाजूला ठेव, आणि आता इथे जे करशील तेही धरलं जाणार नाही. दोन्हीकडून मार. घेतलंही आणि दिलंही काही नाही. तर माझं म्हणणं एवढंच आहे की स्वप्नात जे घडलं त्याचा हिशोब जागं झाल्यावर लागला पाहिजे, मग खुशाल ठेव स्वप्न. लागत नसेल तर ती लेव्हल कितीही सुंदर असू दे, खेळणाऱ्याच्या लेखी ती मधली अडचणच.

आणि गंमत म्हणजे याचं चांगलं उदाहरणही त्याच फेडमधे आहे, लोक वैतागात विसरतात. त्या चक्रव्यूहातून गेलीस की तुझे सोबती एकेक करून सापडतात, प्रत्येक जण आपापल्या स्वप्नात अडकलेला. मनी वसे ते स्वप्नी दिसे, अगदी शब्दशः. अ‍ॅलिस्टर म्हणून एक आहे, अनाथ वाढलेला, सतत विनोद करणारा, तो बहिणीच्या घरी बसलाय, गोल्डाना तिचं नाव, भाचे खेळतायत, बहीण प्रेमाने बोलतेय, तो तुला म्हणतो ये ना बस, ही माझी बहीण. त्याला तिथून उठवायचं म्हणजे तुझ्याच जिवावर येतं. आणि मग कधीतरी डेनेरिम शहरात तू त्याला खऱ्या बहिणीच्या दारात घेऊन जातेस. ती लोकांचे कपडे धुऊन पोट भरतेय, आई तुझ्यापायी गेली म्हणून त्याच्यावर ओरडते आणि पैसे मागते. तो गप्प होतो. ते स्वप्न आधी पाहिलेलं असेल तर हा प्रसंग काळजात घुसतो, पाहिलं नसेल तर नुसता एक कजाग बाईचा सीन. फेडमधलं ते स्वप्न काही मिनिटांचं आहे, बाकी सगळी दारं आणि बिळं.

तसाच स्टेन, आडदांड, अबोल, मेलेल्या साथीदारांबरोबर शेकोटीपाशी बसलेला. त्याला ठाऊक आहे की हे स्वप्न आहे. तरी उठत नाही. जागेपणी हा माणूस तुला चार वाक्यांच्या वर काही सांगणार नाही, इथे न बोलता सगळं सांगून जातो. आणि ज्यांना तू उठवतेस ते शेवटच्या लढाईत त्या आळशी राक्षसासमोर तुझ्या बाजूला येऊन उभे राहतात. म्हणजे घेतलेलं परत मिळालं. फक्त तिथे पोचेपर्यंत माणूस इतका दमलेला असतो की त्याला आनंदही होत नाही, हुश्श होतं.

पुढच्या गेममधे त्याच लोकांनी हे जास्त नीट केलं, असं माझं मत आहे, आणि ड्रॅगन एज 2 ला शिव्या घालणारे मला काय म्हणायचं ते म्हणोत. 2011 चा. त्यात फेनरिएल म्हणून एक पोरगा स्वप्नात अडकलाय, त्याची आई तुला गळ घालते आणि तू सोबत्यांना घेऊनच त्याच्या स्वप्नात उतरतेस. सोबत्यांना घेऊन, हे लक्षात घे. तिथले राक्षस तुझ्याशी लढत बसत नाहीत, तुझ्या माणसांना आमिष दाखवतात. इझाबेला नावाची खलाशी बाई आहे, तिला जहाज देऊ करतात, आणि ती तुझ्यावर उलटते! तुझीच जिगरी मैत्रीण, एका जहाजासाठी. जागं झाल्यावर हा विषय निघतोच. आणि फेनरिएलला तू स्वप्नात मारलंस तर खऱ्या जगात तो जिवंत राहतो पण आतून विझलेला, भावना नाहीत, जादू नाही. स्वप्नातला एक वार, आणि आईच्या हाती उरतो तो असा मुलगा. इथे कोणी म्हणेल का की स्वप्न होतं, काय फरक पडतो?

लांबी हा मुद्दा वेगळाच. स्वप्न लांब असलंच पाहिजे असं कोणी सांगितलं? बाल्डर्स गेट पहिला, 1998 चा, त्यात स्वप्न म्हणजे पडद्यावर येणारा मजकूर, वाचायला दोन मिनिटं. पण सकाळी उठतेस तेव्हा अंगात एक नवी शक्ती आलेली असते, आणि ती कोणती येणार हे तू तोवर लोकांशी कशी वागलीस यावर ठरतं, भली वागलीस तर जखमा भरून काढणारी, वाईट वागलीस तर दुसऱ्याचा जीव शोषणारी. लेव्हल नाही, टाइल्स नाहीत, कोडं नाही, आणि तरी लोकांच्या लक्षात आहेत ती स्वप्नं. स्कायरिममधे (2011) सॉलिट्यूड शहराच्या राजवाड्यातून तू कधीच मेलेल्या एका वेड्या राजाच्या डोक्यात जातेस, तिथेही तुझी शस्त्रं काढून घेतात, पण हातात एक अतरंगी काठी देतात, वाबाजॅक, मारली की समोरच्याचं काय होईल सांगता येत नाही. तीन कोडी, भरपूर हसणं, संपलं, आणि ती काठी तुझी झाली, जागेपणीही. शस्त्र घेतलं पण त्याहून मजेशीर खेळणं दिलं, मग कोण तक्रार करतंय. शिवाय तो मुख्य कथेचा भाग नाही, नको असेल तर जाऊच नका.

ऑब्लिव्हियनमधे (2006) ब्राव्हिल गावात असंच एक आहे, स्वतःच्याच स्वप्नात अडकलेल्या जादूगाराला सोडवायचं, तिथेही रिकाम्या हाताने उतरायचं, चार परीक्षा. मला ते ठीकठाक वाटतं, पण तेही ऐच्छिक आणि आटोपशीर, म्हणून खपून जातं. विचर 3 ची तर सुरुवातच स्वप्नातून होते, किल्ल्यात सराव चाललाय आणि तुला कळतही नाही की तू ट्युटोरियल, म्हणजे गेम शिकवणारा भाग, खेळतेयस. तिथे चालतं कारण खेळणाऱ्याने अजून काही जमवलेलंच नसतं, घेणार काय! आणि फायनल फँटसी टेन (2001) मधे तर नायकाचं गावच स्वप्न निघतं, तो स्वतःही. तिथे भावाचा आक्षेप लागूच होत नाही कारण हिशोबाची वहीच ती आहे. पण तो तुझा गेम नाही, सोड.

आता फँटसीत आधीच खोटं असतं, त्यात अजून स्वप्न कशाला, या भावाच्या मुद्द्यावर. त्याला म्हणावं, आपल्याकडच्या गोष्टींमधे स्वप्न हे खोटं धरतच नाहीत रे. हरिश्चंद्राने स्वप्नात विश्वामित्राला राज्य दिलं, सकाळी उठून म्हणाला असता काहीतरीच स्वप्न पडलं बुवा, तर गोष्ट तिथेच संपली असती. त्याने खरंच दिलं, आणि मग राणी-मुलगा विकले गेले, स्मशानात चाकरी, सगळं त्या एका स्वप्नापायी. आणि उषा-अनिरुद्धाची गोष्ट घे. बाणासुराची मुलगी उषा, स्वप्नात एक तरुण दिसला, नाव नाही गाव नाही. मैत्रीण चित्रलेखा काय करते, एकेका राजपुत्राचं चित्र काढून दाखवत जाते, हा का, हा का, आणि अनिरुद्धाच्या चित्रावर उषा लाजते. मग त्याला द्वारकेतून झोपेतच उचलून आणतात आणि त्यातून थेट कृष्ण विरुद्ध बाणासुर युद्ध. अगं हा आयता क्वेस्ट, म्हणजे गेममधली कामगिरी, आहे! स्वप्नात फक्त एक चेहरा दिसतो, लढाई नाही काही नाही, आणि जागं झाल्यावर तो चेहरा शोधत फिरायचं. बघ, सुचतंय का काही.

आता तुझ्या बारवेकडे येऊ. माझा सल्ला असा की स्वप्न ठेव, अकरा खोल्या काढ. नायिकेला एकटीला कोड्यांत फिरवण्यापेक्षा तिला नावाड्याच्या, वैदूच्या आणि शिलेदाराच्या स्वप्नात जाऊ दे, प्रत्येकी एक खोली, पाच-सात मिनिटं, बस. पत्रात तू या तिघांबद्दल धंद्यापलीकडे काही लिहिलेलं नाहीस, म्हणून विचारते, शिलेदाराने म्हातारपणी हे लचांड का घेतलंय ते खेळणाऱ्याला चौथ्या चॅप्टरपर्यंत कळतं का? नसेल तर ते कळायची हीच जागा. त्याचं घर दाखव, घरात कोण आहे ते दाखव, आणि मग पाचव्या चॅप्टरमधे त्या घरावरून रस्ता ने आणि ते घर तिथे नसू दे.

शस्त्र काढून घ्यायचंय? घे, पण बदल्यात काहीतरी हातात दे जे फक्त स्वप्नातच चालतं, आणि त्यातलं थोडं तरी उठल्यावर टिकू दे. आणि किमान एका खोलीत खेळणाऱ्याला खरा निर्णय घ्यायला लाव. समजा वैदूच्या स्वप्नात त्याची मेलेली बायको जिवंत आहे आणि तो म्हणतोय मला इथेच राहू दे. उठवायचं की राहू द्यायचं? हा निर्णय एका स्विचमधे, म्हणजे गेमने लक्षात ठेवायच्या हो-नाही खुणेत, टाक (आरपीजी मेकरमधे एवढंच तर करायचंय) आणि सहाव्या चॅप्टरपर्यंत तो स्विच कुठे कुठे विचारला जातो ते मोजून बघ. एकदाही विचारला जात नसेल तर तुझा भाऊ जिंकला.

अजून एक बारीक पण महत्त्वाचं, सोबत्यांना टोळीतून काढून परत घेतेस तेव्हा त्यांच्या अंगावरचं सामान, खेळून वाढवलेली पातळी, सगळं जसंच्या तसं परत येतंय ना ते तीनदा तपास. स्वप्नातून उठल्यावर शिलेदाराची ढाल गायब झाली तर कोणी तुझी कथा वाचत बसणार नाही. आणि ते धुरकट फिल्टर वगैरे लावलं असशील तर कमी कर, चालायचा वेगही कमी करू नकोस, स्वप्न आहे हे कळायला पाय जड व्हायलाच हवेत असं नाही. एखादी गोष्ट चुकीच्या जागी ठेवलीस तरी पुरे, घरात बारव, नदीत चूल.

चार महिने गेले म्हणून तुझा जीव अडकलाय ते कळतं मला, हाताने काढलेल्या टाइल्स आहेत. पण मेहनत लागली म्हणून खेळणाऱ्याने दीड तास काढावा असं होत नाही ना गं. त्या टाइल्स फेकू नकोस. त्या बारवेखाली खरंच एक भुयार असू दे की पाचव्या चॅप्टरमधे, जागेपणी, सगळी टोळी आणि सगळी शस्त्रं सोबत, आणि तुझ्या अकरापैकी चार-पाच चांगली कोडी तिथे बसव. खेळणाऱ्याला कोड्यांचा कंटाळा नसतो, रिकाम्या हाताने एकट्याने सोडवायचा असतो. आणि स्वप्नात ओझरती दिसलेली एखादी खोली भुयारात परत दिसली तर अंगावर काटा येईल तो वेगळाच, फुकटात.

भावाशी कसं बोलायचं, तर गेमबद्दल वाद घालूच नकोस. ज्याने गेम अजिबात पाहिलेला नाही असा कोणीतरी गाठ, ऑफिसातला, शेजारचा, आणि दोघं मागे बसून त्याला चौथा चॅप्टर खेळताना बघा, तोंडातून अवाक्षर न काढता. तो मोबाइल हातात कधी घेतो ते लिहून ठेवा. कोणत्या खोलीत घेतला यावर तुमचं दोघांचं लगेच एकमत होईल बघ. आणि हो, जो माणूस भांडण झाल्यावरही बग्जची लिस्ट पाठवतोय तो रुसलाय फक्त, गेलेला नाही, त्याला चहाला बोलाव.

राहिला स्किप. दे. बिनधास्त दे, पहिल्यांदा खेळणाऱ्याला नको पण एकदा गेम संपवलेल्याला नक्की दे, आणि स्वप्नातून जे मिळतं ते स्किप करणाऱ्यालाही मिळू दे, नाहीतर तो पुन्हा मन मारून खेळणार आणि तुला शिव्या देणार. फक्त वैदूचा तो प्रश्न स्किपमधेही विचार, एका ओळीत, उठवायचं की राहू द्यायचं. तेवढं उत्तर घेतल्याशिवाय पुढे सोडू नकोस.

— ताई